समोरच्याला विचारलं होतंस का?

पत्र : ताई, मी बरीच वर्षं वॅलोरंट हा पाच-पाच जणांच्या टीमचा ऑनलाइन गोळीबाराचा खेळ खेळतो. मेन आयडी डायमंडला, म्हणजे बऱ्याच वरच्या रँकला आहे. एका मित्राने नुकताच खेळ सुरू केला, तो आयर्नला, म्हणजे सगळ्यात खालच्या रँकला. आमच्या रँकमध्ये एवढं अंतर आहे की दोघांना जोडीने रँक खेळताच येत नाही. म्हणून मी दुसरी आयडी काढली. सुरुवातीला ती फक्त त्याच्यासाठी होती. आता खरं सांगायचं तर तो नसतानाही मी तीच उघडतो. मेन आयडीवर प्रत्येक मॅच परीक्षेसारखी वाटते, इथे डोकं शांत राहतं. परवा मॅच संपता संपता समोरच्या टीममधल्या एकाने चॅटमध्ये लिहिलं, "दादा, तू इथला नाहीस. माझी ही रँकमधली दुसरीच मॅच." तेव्हापासून मन खातंय. मी हॅक वापरत नाही, कोणाला शिव्या देत नाही, फक्त चांगला खेळतो. यात चूक काय? नवख्यांसमोर मुद्दाम हळू खेळायचं का? आणि मित्राला शिकवायचं कसं?
— डायमंडवरून एक जण

उत्तर : पत्रातलं एक वाक्य तू घाईघाईने लिहून पुढे सरकलास: "तो नसतानाही मी तीच उघडतो." मित्राची अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपायही आहेत, ते पुढे सांगते. पण आयडी मित्रासाठी काढली हे कारण आता पुरत नाही. ते तुलाही कळलंय, नाहीतर एका अनोळखी पोराच्या दोन ओळींनी मन खाल्लं नसतं.

"फक्त चांगला खेळतो, यात चूक काय?" चांगलं खेळण्यात काहीच चूक नाही. घोटाळा आहे तो तुझ्या नावापुढच्या आकड्यात. तो आकडा काय काम करतो ते आधी बघू.

आर्पाद एलो हे मूळचे हंगेरीचे, अमेरिकेत स्थायिक झालेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. बुद्धिबळ खेळायचे, चांगलं खेळायचे. खेळाडूची ताकद मोजायची त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये स्वीकारली आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये. आपण रोज ज्या मॅचमेकिंगच्या, म्हणजे खेळाने आपोआप जोड्या लावण्याच्या पद्धतीच्या नावाने खडे फोडतो, तिची ही आजी. दोघांच्या गुणांतल्या फरकावरून निकालाचा अंदाज आधीच बांधायचा, ही मूळ कल्पना. फरक २०० गुणांचा असेल तर वरच्याने साधारण चारपैकी तीन डाव घ्यावेत, ४०० चा असेल तर अकरापैकी दहा. मग प्रत्यक्ष निकाल अंदाजापासून जितका लांब, तितके गुण एकाकडून दुसऱ्याकडे जातात.

आता हा हिशेब तुझ्या मॅचला लावून बघ. एका डावात जास्तीत जास्त ३२ गुण हलतात असं धरू. तुझ्याहून ४०० गुणांनी खाली असलेला मुलगा तुझ्याकडून हरला, तर त्याचे जेमतेम ३ गुण जायला हवेत, कारण तो हरणार हे आधीच अपेक्षित होतं. पण तू नव्या आयडीवर, त्याच्या बरोबरीचा म्हणून समोर आलास. हिशेबाच्या लेखी ही समान लढत. त्याचे १६ गेले. वॅलोरंट, डोटा, लीग ऑफ लेजेंड्स यांची सूत्रं वेगळी आहेत, बरीचशी गुप्तही आहेत, पण आकड्यावरून अंदाज बांधायचा हा पाया तोच. म्हणजे त्याने मॅच तर गमावलीच, वर रँकने त्याला बजावलं की तुझ्याच जोडीच्या खेळाडूने तुला धूळ चारली. मला विचारशील तर हे दुसरं जास्त वाईट आहे. डायमंडकडून हरलो हे माहीत असलेला पोरगा चहा पिऊन पुढची मॅच लावतो. बरोबरीच्याकडून असा हरलेला पोरगा म्हणतो, हा खेळ आपल्याला जमणारा नाही.

तुझ्या टीमचंही बघ. मित्राला सोडून जे तिघे तुझ्या बाजूने होते, त्यांना तू वर ओढून नेलंस. पुढच्या मॅचमध्ये तू नसशील आणि त्यांना अशा रँकमध्ये उभं राहावं लागेल जी त्यांची नाही. मॅचमध्ये दहा जण होते. तू कोण आहेस हे दोघांना ठाऊक होतं, तुला आणि मित्राला. उरलेल्या आठांना कोणी विचारलं नव्हतं.

माझा सगळा आक्षेप या आठांवरून आहे. कसलेला आणि नवखा समोरासमोर येण्यात वाईट काहीच नाही. गो या खेळात तर त्याची रीतच आहे: दोघांच्या दर्जात जितक्या पायऱ्यांचा फरक, तितके दगड कमजोर खेळाडू सुरुवातीलाच पटावर मांडतो, साधारणपणे नऊपर्यंत. मग वरचा खेळाडू जीव तोडून खेळतो आणि तरीही सामना होतो. बुद्धिबळातही पूर्वी तगडा खेळाडू स्वतःचं प्यादं किंवा घोडा काढून ठेवून बसायचा. पटावर काय चाललंय ते दोघांना माहीत असतं, आणि नको असेल तर समोरचा नाही म्हणू शकतो.

तुझ्या समोरच्याला नाही म्हणता येत नव्हतं. वॅलोरंटची रँक मॅच १३ फेऱ्या जिंकेपर्यंत चालते. शरणागतीचं मत पाचव्या फेरीपासून मांडता येतं, तेही टीमने साथ दिली तर. मध्येच उठून गेला तर दंड आणि पुढच्या मॅचसाठी खोळंबा. एकदा लॉबीत अडकला की बिचारा संपेपर्यंत अडकला. कुस्तीत वजन खोटं सांगून खालच्या गटात उतरलेला पैलवान डाव सगळे नियमातलेच टाकतो. तू हॅक वापरत नाहीस म्हणतोस, ते याच अर्थाने खरं आहे.

आता जरा टोचणारी गोष्ट. नव्या आयडीबद्दल मॅचमेकिंगला फारसं काही ठाऊक नसतं, आणि चांगल्या पद्धतीला आपण अंधारात आहोत हे कळत असतं. मार्क ग्लिकमन या संख्याशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये एलोच्या पद्धतीत हीच भर घातली: आकड्याबरोबर आकड्याबद्दलची अनिश्चितताही नोंदवायची. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी बनवलेल्या ट्रूस्किल या ताकद मोजायच्या पद्धतीत नवा खेळाडू २५ वर सुरू होतो, पण अनिश्चितता जवळपास ८.३३ असते. तिची तिप्पट वजा करून त्याचा दाखवायचा आकडा काढतात, म्हणून कोऱ्या खेळाडूचा आकडा शून्य दिसतो. अनिश्चितता मोठी असली की आकडा झपाट्याने हलतो. याचा अर्थ असा की डायमंडचा खेळाडू नव्या आयडीवर मन लावून खेळला तर त्याचं आयर्न-ब्राँझमध्ये फार काळ राहणं अवघड आहे. खेळच त्याला वर ढकलतो.

तू मात्र अजून खालीच आहेस. मग एक तर तू मधूनमधून मॅच सोडून देतोस, किंवा वर सरकलास की आणखी एक आयडी काढतोस. तू लिहिलं नाहीस, मी विचारत नाही. पण स्मर्फिंगचा, म्हणजे दुसऱ्या आयडीने आपल्याहून खालच्या रँकमध्ये खेळण्याचा, हा भाग लोक बोलत नाहीत: खाली राहायचं तर हरत राहावं लागतं. जिंकलास त्या मॅचमध्ये समोरचे पाच भरडले जातात आणि मुद्दाम हरलास त्या मॅचमध्ये स्वतःचे चार.

नियमांचं थोडक्यात. नुसती दुसरी आयडी असणं सगळ्याच खेळांत गुन्हा नाही. आयडी विकत घेणं किंवा दुसऱ्याची वापरणं मात्र बहुतेक कंपन्यांना चालत नाही, तेव्हा तुझी आयडी तशी आली असेल तर आजच बंद कर. डोटा २ बनवणाऱ्या वॉल्वने सप्टेंबर २०२३ मध्ये ९० हजार स्मर्फ अकाउंट्स बंद केली, आणि यापुढे मेन अकाउंटवरही कारवाई होऊ शकते असं बजावलं. ब्लिझार्डने ऑक्टोबर २०२२ मध्ये ओव्हरवॉच २ आणताना फोन नंबर सक्तीचा केला होता, पण एवढा आरडाओरडा झाला की बहुतेक जुन्या खेळाडूंसाठी ती अट मागे घ्यावी लागली. कुलूप मोठं केलं की आधी घरचेच बाहेर राहतात. म्हणून मला या बाबतीत कंपनीपेक्षा खेळणाऱ्याच्या शहाणपणावर जास्त भरवसा ठेवावा लागतो, आणि तो ठेवणं कधीकधी जड जातं.

दुसरी आयडी काढायला मान्य करण्यासारखी कारणंही असतात, हे मी नाकारत नाही. नाव ओळखीचं झालं की त्रास देणारे मागे लागतात, मुलींना हा अनुभव फार येतो. किंवा नवी भूमिका शिकायची असते आणि मूळ रँक घालवायची नसते. ओव्हरवॉचने टँक, डॅमेज आणि सपोर्ट या भूमिकांसाठी वेगळी रँक ठेवली, स्ट्रीट फायटर ६ मध्ये प्रत्येक पात्राची रँक वेगळी असते. ही रचना मला फार आवडते, कारण कसलेला खेळाडू नव्या पात्रासह खाली आला तरी त्याचं कारण खेळालाही कळतं. अशा दुसऱ्या आयडीची कसोटी सोपी आहे. तिच्यावर तू जिंकायला खेळतोस का आणि ती वर जाते तेव्हा जाऊ देतोस का? दोन्हींना हो असेल तर थोड्या मॅचनंतर ती तुझ्या खऱ्या जागी पोचेल आणि कोणाचं फारसं बिघडणार नाही.

आता मेन आयडीवर वाटणारी परीक्षा. ते वाटणं मला समजतं, पण मॅचमेकिंग नीट चाललं तर तू साधारण निम्म्या मॅच हरणार आहेस. आयर्नवालाही, रेडियंट या सगळ्यात वरच्या रँकच्या खालचा जवळपास प्रत्येक जणही. त्यात खेळाचा तुझ्यावर राग नाही. वरच्या खेळाडूंची जुनी तक्रार आहे की कौशल्य बघून जोड्या लावूच नका, आम्हाला मोकळं खेळू द्या. कॉल ऑफ ड्यूटीच्या अ‍ॅक्टिव्हिजनने कौशल्याचा विचार कमी करून चाचणी घेतली आणि २०२४ मध्ये निष्कर्ष मांडले. मॅच अर्धवट सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, बहुतांश खेळाडूंचं खेळाकडे परतणं कमी झालं, फायदा झाला तो अगदी वरच्या थराचा. कंपनी स्वतःच्याच धोरणाची वकिली करतेय, हे लक्षात ठेवूनही मला यात नवल वाटत नाही. वरच्याची मोकळीक कोणाच्या तरी हारीतूनच येते.

डोकं शांत ठेवून खेळायचं असेल तर मेन आयडीवरच अनरेटेड, म्हणजे रँकवर परिणाम न होणाऱ्या मॅच खेळ. किंवा असा खेळ घे ज्यात तू कोरा आहेस. मी हा सल्ला बऱ्याच जणांना देते आणि फार थोडे ऐकतात. वर्षानुवर्षं कमावलेला हात सोडून पुन्हा नवखं व्हायला माणसाला आवडत नाही. त्या मुलाची बाजू कळायला मात्र दुसरा जवळचा रस्ता मला माहीत नाही.

दुसरा प्रश्न: नवख्यांसमोर हळू खेळायचं का? ठरवून नाही, पण योगायोगाने तुझी गाठ नवख्यांशी पडणारच. नवा सीझन सुरू झाला, रात्री उशिरा लॉबीत माणसं कमी असली, कोणी आपल्या मित्राला घेऊन आला. अशा वेळी तू नीट खेळ, पूर्ण खेळ आणि मॅच लवकर संपव. लुटुपुटूचं खेळणं मला पटत नाही. नवखा मोकळ्यात उभा राहतो, तू कीव करून गोळी झाडत नाहीस, आणि तो शिकतो की मोकळ्यात उभं राहिलं तरी चालतं. पुढे दहा जण त्याला त्याच जागी मारतात आणि त्याला कारण कळत नाही. चोरून केलेली दया हा खोटा निकालच, फक्त दिसायला गोड.

त्याच कारणाने मला न सांगता सोडलेले बॉट, म्हणजे संगणक चालवतो ते खेळाडूही आवडत नाहीत. फोर्टनाइटने २०१९ मध्ये मॅचमेकिंग बदललं तेव्हा नवख्यांना सवय व्हावी म्हणून बॉट आणले. हेतू चांगला आणि बॉट येणार हे कंपनीने जाहीरही केलं होतं. पण समोर माणूस आहे की बॉट हे त्या क्षणी कळत नसेल, तर आपण कोणाला हरवलं हेही पोराला कळत नाही. हा माझा हट्ट समज.

पूर्ण खेळ म्हणजे खेळवत राहणं नव्हे. मॅच हातात आल्यावर शेवटच्या खेळाडूला मुद्दाम जिवंत ठेवून चाकू घेऊन त्याच्यामागे धावणं, मेलेल्यावर उठाबशा काढणं, चॅटमध्ये "ईझी" लिहिणं, हे तू करत नसशील असं धरते. मॅच संपल्यावर "जीजी" (चांगला खेळ झाला) पुरे. आणि समोरच्याने विचारल्याशिवाय टिप्स देऊ नकोस. १३-२ ने हरलेल्याला त्याच मिनिटाला क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण कुठे ठेवायची ते सांगणारा माणूस कोणालाच नको असतो.

त्या मुलाला उत्तर द्यावंसं वाटत असेल आणि त्याचं नाव तुझ्याकडे असेल, तर एवढंच लिही: "बरोबर ओळखलंस, मी वरच्या रँकचा आहे. ती मॅच तुझ्या खेळाचं माप नव्हती." सबबी सांगू नकोस, मित्राची गोष्टही सांगू नकोस. तो काही बोलला नाही तर तिथेच सोड.

उरला मित्र. त्याच्याबरोबर खेळायला दुसरी आयडी लागत नाही. मेन आयडीने अनरेटेड खेळा. तुझ्यामुळे समोरचे त्याला झेपणार नाहीत असे येतील आणि त्याला मार बसेल, पण तो मार त्याने माहीत असून पत्करलेला असेल. पाच जणांचा पूर्ण संघ जमला तर वॅलोरंटमध्ये रँकचं बंधन सैल होतं, बदल्यात गुण कमी मिळतात. तोही सरळ व्यवहार आहे.

शिकवायचं असेल तर कस्टम रूम, म्हणजे तुमची खासगी मॅच काढा आणि अटी आधी बोलून ठरवा. तो रायफल घेईल, तू फक्त पिस्तूल. किंवा त्याला पाच फेऱ्यांची आघाडी देऊन सुरुवात. ठरलं की मग जिंकायला खेळ, त्याला लिंबूटिंबू करून ठेवू नकोस. एवढ्यावरही तूच सगळ्या फेऱ्या घेत असशील तर अट आणखी कडक करा, तुझा हात ढिला करू नका.

यात एक युक्ती मला फार उपयोगी वाटते. जोर कमी करण्याऐवजी विविधता कमी कर. सलग पाच फेऱ्या एकाच दाराने ये, त्याला आधी सांगून ये, आणि पूर्ण वेगाने ये. पहिल्या दोनदा तो मरेल. तिसऱ्यांदा तो उभा राहण्याची जागा बदलेल. चौथ्यांदा कदाचित तूच मरशील, आणि तो विजय शंभर टक्के त्याचा असेल, कारण तू काही सोडलेलं नव्हतंस. मग दार बदल. फायटिंग गेममध्येही हेच चालतं: फक्त उड्या मारत ये, म्हणजे तो खालून मारायला शिकेल. नवखा हरतो तो बहुतेक वेळा एकाच वेळी दहा गोष्टी अंगावर आल्यामुळे. एका बैठकीत एकच गोष्ट दे. नकाशातल्या सगळ्या जागांची नावं, प्रत्येक बंदुकीचा रिकॉइल (झाडल्यावर बसणारा झटका) आणि पैशांचं गणित पहिल्याच आठवड्यात त्याच्या डोक्यावर ओतू नकोस. तुला ते यायला वर्षं लागली आहेत.

रँकमध्ये त्याला एकट्याला जाऊ दे. मॅच चालू असताना कॉलवर बसून "डावीकडे बघ, डावीकडे बघ" ओरडायचं नाही, त्यानेही समोरच्यांशी तुझ्या डोळ्यांनी खेळल्यासारखंच होतं. मॅच झाल्यावर त्याने विचारलं तर बोल, नाही विचारलं तर गप्प बस. आणि एखाद्या दिवशी तो चिडून म्हणाला की समोर नक्की कोणीतरी स्मर्फ होता, तर रिपोर्ट कुठून करायचा ते त्याला दाखव.